ग्रहणातली हाक

चंद्र निम्मा झाकला गेला तरी सांगलीच्या बागेत दुर्बिणीपाशी क्रांती आणि तिचे दोन मित्रच उभे होते. आजूबाजूची दारं बंद होती. “सावली पडलीय चंद्रावर आणि लपलेत सांगलीकर,” शिफा म्हणाली. “दुर्बीण आवरायची का?” विश्वजीतने विचारलं. क्रांतीची आजी, राहीबाई, ग्रहणात याच गल्ल्यांतून दान मागत फिरायची. मित्रांना हे क्रांतीने कधीच सांगितलं नव्हतं. ती बाकावर चढली आणि आजीच्याच खणखणीत आवाजात ओरडली, “दे दान, सुटे गिराण!” दारं उघडली. बायका सुपांत जोंधळे घेऊन बागेत आल्या. “राहीबाईची नात न्हवं तू? पसर ओढणी,” एक म्हातारी म्हणाली. “व्हय, तिचीच,” क्रांती मित्रांकडे बघत म्हणाली. “पण मागायला न्हाई, बोलवायला वरडले. सूप खाली ठेवा, काकू. इथं डोळा लावा.” म्हातारी सूप जमिनीवर ठेवून दुर्बिणीवर वाकली.