दोराच्या चार खुणा

जळकोटजवळच्या शेतातली विहीर उन्हाळाभर झाकलेली होती. झाकण सरकवताच आतून कोंडलेल्या हवेचा उबट वास आला. मोटार दुरुस्त करायला आबांनी कमरेला दोर बांधला आणि नेहमीसारखं बजावलं, "दोर जरा जरी हालला, तरी मला वर वढायचं."

सुट्टीवर आलेल्या आनंदराजला हसू आलं. त्यांचा हा लेक हैदराबादला कॉम्प्युटरच्या मेमरीवर काम करायचा.

"आबा, एवढ्या दोरावर एकच निरोप? आम्ही तारेवर विजेच्या दोनऐवजी चार पातळ्या ठेवतो, तेवढ्याच वेळात डेटा दुप्पट जातो. आपणही तसंच करू. दोर स्थिर, म्हणजे सगळं ठीक. हलका झटका, म्हणजे पाना पाठव. मध्यम, म्हणजे दोर सैल सोड. जोराचा, म्हणजे वर ओढ."

"अन् हलका कोन्ता, जोराचा कोन्ता, हे तुला वर कसं कळंल?"

"कळतंय हो आबा, माझं रोजचंच काम हाय ते."

"लई शिकलास बाबा," म्हणत आबा कौतुकानं खाली उतरले.

थोड्या वेळानं हलका झटका आला. आनंदराजनं बादलीतून पाना सोडला. मग त्याहूनही हलका झटका आला. मोठा पाना लागत असेल, असं वाटून त्यानं बादली वर ओढली. पहिला पाना तिच्यात तसाच होता.



दोर आता अगदी स्थिर होता. ठरल्याप्रमाणे, खाली सगळं ठीक होतं.