पिठाचा रुपया

गणितात पैकीच्या पैकी मिळाले की बाबा गिरणीत बोलवून पिठाने पांढरा झालेला रुपया माझ्या हातावर ठेवायचे. वहीतलं अक्षर वाईट दिसलं, तर मात्र आठ आणेच. मग मी फुरंगटून बसायचे.

अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. डाव्या हाताने लिहायला मी पाटी आणली, तर महिनाभर त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. आज कसंबसं स्वतःचं नाव लिहिलं. मी हसून त्यांच्या तळव्यावर रुपया ठेवला.

पाटीकडे बराच वेळ बघून त्यांनी तो परत केला. जड जिभेने म्हणाले, "अक्षर वाईट आहे. आठ आणेच दे."

"आठ आणे आता चालत नाहीत, बाबा."

"मग ठेव तुझ्यापाशी. उद्या नीट काढतो."