मांजराचा ओरखडा

काखेतली गाठ बोराएवढी झाली, कात्री धरवेना, तेव्हा कुठे शिंपी बायकोला घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी गाठ चाचपली, मग त्याच्या मनगटावरचा सुकलेला ओरखडा निरखून पाहिला.

"मांजराचं नख लागलंय. त्यातून जंतू शिरतो आणि पेशींच्या आत दडी मारून बसतो. गोळ्या देतो, जाईल. घरी मांजर आहे का?"

"छे!" बायको म्हणाली, आणि तिची नजर सावकाश नवऱ्याकडे वळली. दोघांच्या ओळखीत मांजर एकाच घरी होतं, शिंप्याच्या थोरल्या बहिणीकडे. नणंदेशी कडाक्याचं भांडण झाल्यापासून, त्या घराची पायरी चढायची नाही, अशी बायकोनेच त्याला शपथ घातली होती.

शिंप्याने मान खाली घातली. "एकदाच गेलो होतो गं, ताईला बघायला. दारात पाऊल ठेवलं नाही तोच ती मनी अंगावर धावून आली. महाखडूस मांजर!"

"उगाच काहीतरी बोलू नका," बायको फणकारली. "तुम्हीच तिच्या शेपटीवर पाय दिला असेल. इतकी गरीब आहे ती! दर रविवारी माझ्या मांडीवर घोरत पडते."