पूर्ण नाव

सकाळी साडेनऊलाच मंगल कार्यालयात चाळीस व्यापारी जमले होते. रेवतीनं सहा महिने दुकानोदुकानी फिरून, ओळखी काढून हा मेळावा भरवला होता. नाश्त्याची मिसळही तिनंच केली होती, आपल्याच मसाल्याची. गावात सगळे तिला ‘रेवाताई मसालेवाल्या’ म्हणत. आडनाव तिनं कार्डावरसुद्धा छापलं नव्हतं.

हॉटेलवाले अप्पा तिसऱ्यांदा तर्री ओतून घेत म्हणाले, “ताई, दर महिन्याला पन्नास किलो मसाला घेतो. आजच पक्कं करून टाकू. पण कुणातल्या म्हणायच्या तुम्ही? आडनाव काही कळलं नाही.”

“माईकवर सांगते की,” ती हसली. मागच्या गावात आडनाव कळलं आणि आठवड्यात सगळी गिऱ्हाइकं गेली. भांडलं कुणीच नाही. ‘नंतर बघू’ म्हणाले, झालं. इथंही तेच घडलं तर कांडपाचं मशीन विकून घरी बसायची पाळी होती.

माईक हातात आला तेव्हा एक खोटं आडनाव जिभेवर तयार होतं. कुणालाही खपलं असतं. आपण इतकं भितोय याचाच तिला संताप आला.

“मी रेवती सकट. मातंग समाजाची. मिसळ माझ्या हातची आहे. कुणाच्या पोटात दुखत असेल तर आत्ताच हात वर करा.”

हात कुणाचाच वर आला नाही. पुन्हा प्लेटकडेही गेला नाही.