चौथं मत

या, बसा, नेब्रास्कातल्या ऑर्विल टीटियनची गंमत सांगतो. गडी काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, बोर्डाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि ड्वेन कुचेराकडून एका मतानं पडला. कचेरीच्या दारावर वस्तीवार निकाल चिकटवला होता. ऑर्विलच्या वस्तीत मतदार चारच: तो, बायको वर्ना, मेव्हणा आणि सासू. ऑर्विलला तीन मतं, ड्वेनला एक.

म्हणजे चोर घरातलाच. महिनाभर तो मेव्हण्याशी बोलला नाही, सासूकडे जेवायला गेला नाही. वर्नानं ओतलेली कॉफीसुद्धा आधी हुंगायचा. शेवटी वर्नानं बॅग भरली.

"मी चालले बहिणीकडे. आम्ही तिघांनी तुलाच दिलं, विश्वास ठेव नाहीतर नको ठेवू. पण तू कोणाला दिलंस रे?"

"ड्वेनला. स्वतःलाच मत द्यायला मी काय निर्लज्ज आहे? आमच्या बापानं कधी दिलं नाही."

वर्ना बॅगेवरच बसली आणि तिनं त्याच्यापुढं चार बोटं धरली. ऑर्विलनं ती एकदा मोजली, मग पुन्हा मोजली.

तिकडं कधी गेलात, तर तेवढं त्याच्यासमोर बोटं मोजू नका, बाबांनो.