पवनचक्कीची सावली

माझी सून फार उलट बोलते. मी एक म्हटलं की हिची दोन उत्तरं तयार, आणि दोन्ही बरोबर, हा आणखी ताप. काल पवनचक्कीवाला साहेब मोजणी करत आला आणि आमच्या गोठ्यामागेच खुंटी ठोकून मोकळा झाला. घराला चिकटून पवनचक्की नको, हे सांगायला मी पदर खोचून बाहेर पडले होते. पण मेला ‘आई, आई’ करत असा गोड बोलायला लागला, की माझं सगळं भांडण घशातच राहिलं.

“आवाजाचं मनात आणू नका, आई. सकाळी तासभर अंगणात पात्यांची सावली फिरेल, एवढंच. सावलीला काय वजन असतं?”

धुणं वाळत घालता घालता सून म्हणाली, “नसतं ना? मग न्या उचलून तुमच्या अंगणात.”

साहेब हसायला गेला, पण त्याला ते जमेना. खुंटी उपटत म्हणाला, “जागेचं उद्या गावच्या बैठकीत ठरवू.”

तो गेल्यावर मी सुनेला समोर उभं केलं. म्हटलं, “माझ्यादेखत तोंड चालवायचं नाही, हे शेवटचं सांगते. म्हणून उद्या बैठकीला तू जा, मी घरी थांबते.”