यादीतून तीन नावं

श्यामकांत सर केबिनमध्ये उभे राहून शिव्या घालत होते आणि काचेच्या अलीकडे बसलेला दशरथ त्यांचा एकेक शब्द वाचत होता.

"म्हातारे बैल आहेत नुसते. चार महिने झाले, एकाच्या तोंडून उत्तर नाही. डोकं नाहीच, वर संपाची मस्ती. त्या दशरथला तर मी परीक्षेला बसूच देणार नाही. आपला रिझल्ट कशाला घालवायचा?"

केबिनचं दार बंद होतं. शेजारी फिटरच्या वर्गात ग्राइंडर किंचाळत होता. बाहेर काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं, म्हणून सर मोकळेपणानं बोलत होते. संस्थेचे मालक चंद्रप्रकाशशेठ वर्गाकडे पाठ करून बसले होते आणि मान डोलावत होते. वर्गातले नऊच्या नऊ जण एकाच गिरणीच्या साळखात्यातले, हे सरांना ठाऊक होतं. साळखातं म्हणजे काय, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. शेकडो माग एकदम खडखडत असताना तिथं ओरडून उपयोग नसतो. माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. ही विद्या वर्षभरात अंगात मुरते आणि मग जन्मभर जात नाही.

शेजारच्या बाकावरच्या सहदेवनंही सगळं वाचलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, ब्याऐंशीच्या संपात, गिरणी गेली. दशरथनं बावीस वर्षं माग चालवले होते. आता सेहेचाळिसाव्या वर्षी तो भांडुपहून घाटकोपरला वायरमनच्या वर्गाला यायचा. मुलुंडच्या एका सोसायटीनं सांगून ठेवलं होतं, सर्टिफिकेट आण, पाण्याचा पंप आणि लायटी तुझ्याकडे. ती जागा जूनपर्यंतच मोकळी राहणार होती. घरी मालन औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायला जायची आणि नवऱ्याला एका शब्दानं बोलायची नाही. तिचं ते न बोलणंच दशरथला जास्त लागायचं.

आणि हे सर म्हणजे अठ्ठावीस वर्षांचा पोरगा! पहिल्या दिवसापासून सगळ्यांना अरेतुरे. फळ्यावर सर्किट काढता काढता प्रश्न टाकायचा. उत्तर आलं नाही की खडू आपटायचा. दशरथनं बोर्डाची वायरिंग बिनचूक करून दाखवली, तर म्हणाला, "कुणाचं बघून केलंस?" त्या दिवशी हातातला पेचकस खाली ठेवायला दशरथला फार कष्ट पडले होते.

केबिनचं दार उघडलं. सर हातात यादी घेऊन आले आणि पहिल्या बाकापाशी उभे राहिले.

"परीक्षेचे फॉर्म आज जाणार. तीन नावं मी काढतोय. दशरथ, सहदेव, धोंडू. पुढच्या वर्षी बघू."

धोंडूनं मान खाली घातली. दशरथ उभा राहिला.

"का काढलंत, सर? आम्ही म्हातारे बैल म्हणून? की संपाची मस्ती म्हणून?"

सरांचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग तो रागानं लाल झाला.

"दाराला कान लावून ऐकतोस? लाज नाही वाटत?"

"मी इथून हललेलो नाही. विचारा कुणालाही."

"बस झालं! फार शहाणा झालास ना?" सर थेट त्याच्या बाकासमोर आले. नाकाला नाक लागेल इतके जवळ. सगळ्या वर्गादेखत याची जिरवायचीच, असं त्यांनी ठरवलं असावं. "सांग, स्विच कुठल्या वायरवर बसवायचा?"

"फेजवर."

"न्यूट्रलवर बसवला तर?"

"दिवा विझेल, पण होल्डरमध्ये करंट राहील. हात लावणारा मरेल."

"अर्थिंग कशाला?"

"इस्त्रीच्या पत्र्यात करंट उतरला तर तो जमिनीत जावा, माणसात नको."

सर विचारत गेले. फ्यूज, मीटर, जिन्याचा दोन स्विचांचा दिवा. दशरथ उत्तरं देत गेला. घरी गाइड तीनदा वाचून त्यानं पाठच केलं होतं. सरांचा आवाज चढत गेला आणि मग हळूहळू खाली आला. फिटरच्या वर्गातला ग्राइंडर कधी थांबला होता, ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. शेजारी सगळं शांत असताना आपण उगाच ओरडत होतो, याची त्यांना लाज वाटली. ती लाज त्यांनी पुन्हा रागात घातली.

"एवढं येतं, तर वर्गात विचारल्यावर काय दातखीळ बसते? मला बनवता काय रे सगळे मिळून?"

सहदेवनं दशरथचा शर्ट ओढला आणि तो वळताच आवाज न काढता ओठ हलवले, "गप ऱ्हव. तां सांगा नको." बाकीचे सात जणही मानेनं नको नको म्हणत होते. ते एक न सांगायचं सगळ्यांचं ठरलं होतं. बाहेर कळलं तर विजेच्या लायनीवर कोण चढवणार? सोसायटी तरी कशाला ठेवणार?

दशरथनं सहदेवचा हात बाजूला केला. त्याला सर्टिफिकेट हवं होतं. पण बैल म्हणवून घेऊन घरी जाणं आता त्याला जमणार नव्हतं.

"सर, मागांच्या आवाजानं आमचे कान गेले. नऊच्या नऊ जणांचे. समोरच्याचं तोंड दिसलं तरच आम्हाला कळतं, आणि शिकवताना तुमचं तोंड फळ्याकडे असतं." त्याची नजर सरांच्या ओठांवरून हलली नाही. "चार महिन्यांत ते आम्हाला नीट दिसलं ते फक्त केबिनमध्ये, तुम्ही आम्हाला शिव्या घालत होतात तेव्हा."